तळेमास्तर

प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी असा माणूस असतो, ज्यानं आपलं आयुष्य जगातल्या कुणा थोर माणसाच्या मापानं शिवून घेतलेलं असतं. कापड कमी पडतं, बाह्या आखूड होतात, काखेत उसवतं. पण मापाबद्दल त्याची तक्रार नसते. एखादा निवृत्त सर्कल गांधीजींच्या वेळापत्रकानं पहाटे उठतो आणि घरादाराला उठवतो. एखादा किराणा दुकानदार चर्चिलसारखा दुपारी झोपतो आणि लढाई जिंकायची तर झोप पाहिजे, असं शटर ठोठावणाऱ्या गिऱ्हाइकाला आतूनच सांगतो. जव्हारच्या वाट्याला क्लोद मोने आले.

म्हणजे आमचे मास्तर आले. मूळचे कोल्हापूरकडचे, चित्रकलेचे शिक्षक. जव्हार-मोखाड्याची ऑर्डर हातात पडली की त्या काळी घाटावरचा माणूस आधी नकाशा उघडायचा आणि मग आमदाराच्या ओळखीचा कुणी सापडतो का ते बघायचा. मास्तरांनी नुसता नकाशा उघडला. एसटीतून उतरले ते भर पावसात. पहिला महिनाभर त्यांना गाव दिसलंच नाही, दिसलं ते धुकं. हनुमान पॉइंटला गेले तर समोर दरी आहे, हे लोक सांगतात म्हणून मानायचं. जयविलास राजवाडा सकाळी असायचा, दुपारी नसायचा. बरोबर आलेल्या शिक्षकांनी तोवर बदलीचे अर्ज टाकले होते. मास्तरांचा अर्ज लिहायचा राहिला, कारण घरात कागद होता तो एकच, कार्ट्रिजचा, आणि त्याच्यावर धुकं काढून झालं होतं.

शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाला चित्र सोडून बाकी सगळं काढायला लावतात. सव्वीस जानेवारीची रांगोळी, फळ्यावरचा सुविचार, गॅदरिंगचा पडदा, निवडणुकीत मतदान केंद्राच्या भिंतीवरचे आकडे, साहेब येणार असले की ‘सुस्वागतम्’ आणि साहेब बदलून गेले की ‘निरोप समारंभ’. दहावीच्या वर्गाचा चित्रकलेचा तास दिवाळीनंतर गणिताला जातो, तो परत येत नाही. मास्तरांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला शेकड्यांनी पोरं बसवली, पण स्वतःचं म्हणून त्यांच्या हातून वर्षानुवर्षं निघालं ते ‘सुस्वागतम्’च. त्यातल्या ‘स्व’ला मात्र दर वेळी वेगळी छटा असायची. ती मुख्याध्यापकांना दिसायची नाही.

मोने त्यांना भेटला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर. मुंबईला शालेय साहित्याच्या खरेदीला पाठवलं होतं, तिथं रद्दीच्या ढिगात पाश्चात्त्य कलेवरचं एक जाड पुस्तक मिळालं. पुस्तकात चित्रं होती, पण छपाई काळी-पांढरी. म्हणजे ज्या माणसानं जन्मभर रंगाशिवाय दुसरं काही केलं नाही, तो मास्तरांना पहिल्यांदा दिसला तो राखाडी. दुसऱ्या कुणी पुस्तक मिटलं असतं. मास्तरांनी रंग मनानंच भरले. पुढं रंगीत छापील प्रती बघायला मिळाल्या तेव्हा त्यांचं मत पडलं, की दोन-तीन ठिकाणी मोनेचं चुकलंय.

पुस्तकातला मजकूर इंग्रजी, त्यामुळं मास्तरांनी तो शब्दकोश घेऊन वर्षभर वाचला आणि तो पाठच झाला. मोने पॅरिसजवळच्या झिव्हर्नी गावी १८८३ साली भाड्याच्या घरात राहायला गेला, १८९० साली ते घर विकत घेतलं, १८९३ साली रेल्वे रुळापलीकडची जमीन घेऊन तिच्यात तळं खणलं, आणि त्या तळ्यातल्या कमळांची अडीचशेच्या आसपास चित्रं काढली. शेवटची तीसेक वर्षं त्याचा मुख्य विषय हाच. स्टाफरूममध्ये मास्तर हे सांगू लागले, तेव्हा आमच्या हेडक्लार्कनी मान वर करून विचारलं, “कुठले हे मोने? पेणकडचे का?” मास्तर म्हणाले, “नाही, फ्रान्सकडचे.” हेडक्लार्क म्हणाले, “असतील. त्यांची मुलं बरीच बाहेर आहेत.”

निवृत्त झाल्यावर माणसं गावी घर बांधतात. मास्तरांनी तळं शोधलं. जव्हारहून मोखाड्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, एका पाड्याच्या खालच्या अंगाला ते आहे. फार मोठं नाही. पावसाळ्यात काठोकाठ भरतं, गणपतीच्या सुमाराला त्यात पोयणी फुलते, काठावर चार साग आणि एक मोह. सकाळी लवकर सुटणारी एसटी धरायची, कंडक्टरला दोन ड्रॉइंग बोर्ड आणि एक घडीचं स्टूल यांचं तिकीट लागत नाही हे रोज पटवायचं, आणि पाड्याच्या फाट्यावर उतरायचं, हा मास्तरांचा नेम. एका बोर्डावर सव्वासातचं ऊन, दुसऱ्यावर पावणेआठचं. मध्येच ढग आला तर तिसरा कागद. मोनेही एका वेळी अनेक चित्रं मांडून बसायचा आणि उजेड बदलला की पुढच्या चित्राकडं वळायचा. फरक इतकाच, की मोनेच्या पाठीशी कमळांना आंघोळ घालायला माळी होते. मास्तरांच्या पाठीशी मी होतो.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. माझी नेमणूक क्लेमांसो म्हणून झाली. क्लेमांसो हा मोनेचा जिवलग मित्र आणि पहिल्या महायुद्धाच्या शेवटी फ्रान्सचा पंतप्रधान. हे ऐकून मला बरं वाटलं होतं. पंतप्रधानाचं काम नाशिकहून टर्पेंटाइन आणायचं आणि बोर्ड धरायचे हे आहे, ते नंतर कळलं. काकूंनी एकदा भाकरी थापता थापता विचारलं, “आणि त्याच्या घरात मी कोण?” मास्तर म्हणाले, “तू त्याची बायको.” काकू म्हणाल्या, “पहिली की दुसरी?” मोनेची पहिली बायको कामिल १८७९ साली बत्तिसाव्या वर्षी गेली, दुसरी आलिस १९११ साली. मास्तरांनी दोन्ही सालं मनात आठवून पाहिली आणि भाकरी फार छान झाली आहे असं सांगितलं. भाकरी अजून तव्यावर होती.

मास्तरांचं पालुपद एकच: “मोनेचंही असंच झालं होतं.” एसटी चुकली, मोनेचंही असंच झालं होतं. पेन्शन अडकली, मोनेही तरुणपणी उधारीवर जगला होता. जिल्ह्याच्या प्रदर्शनात चित्र नाकारलं त्या दिवशी तर त्यांनी पेढे वाटले. एकदा त्यांनी डहाणूच्या नर्सरीतून गुलाबी कमळाचे कंद आणले आणि तळ्यात लावायला घेतले. पाड्यावरची माणसं जमली. हे परकं झाड पाण्यात सोडलं तर बैल पाणी पितील का, असा प्रश्न निघाला. बरीच वादावादी झाली. मी घाबरलो. बघतो तर मास्तरांचे डोळे पाण्यानं भरलेले. “लेका,” ते मला कानात म्हणाले, “झिव्हर्नीच्या शेतकऱ्यांनी हाच आक्षेप घेतला होता! नदीचा ओहळ तळ्यात वळवायला मोनेनं परवानगी मागितली, तर लोक म्हणाले, परदेशी झाडांनी पाणी विषारी होईल, गुरं मरतील. शब्दाला शब्द!” ज्याला विरोध होतोय तोच विरोधकांचे हात हातात घेऊन आभार मानतोय, हे पाहून पाडा गप्प झाला. कंद लागले. ते पहिल्याच पावसात वाहून गेले, पण आक्षेप मिळाला होता.

मोनेच्या तळ्यावर एक माळी रोज नावेत बसून पानांवरची धूळ धुवायचा. मास्तरांनी ट्रकची जुनी ट्यूब मिळवली आणि पाड्यावरच्या एका पोराला बिस्किटाच्या पुड्यावर नेमलं. ट्यूबवर पोटावर पडून तो वेफर्सची पाकिटं आणि गुटख्याच्या पुड्या गोळा करायचा. मोटारींची धूळ कमळांवर बसते म्हणून मोनेनं स्वखर्चानं रस्त्यावर डांबर टाकून घेतलं होतं. मास्तरांकडं स्वखर्च नव्हता, म्हणून त्यांनी अर्ज केला. ‘विषय: कमळांवर धूळ बसत असल्याने रस्ता डांबरी होणेबाबत.’ पाड्यावरच्या झाडून सगळ्यांनी त्याच्यावर सह्या आणि अंगठे दिले. आजवर आजारी माणूस, बाळंतीण आणि शाळा ही सगळी कारणं देऊन झाली होती. कमळ हे कारण कुणी दिलेलं नव्हतं.

कोल्हापूरच्या माणसानं फ्रान्सपर्यंत जायचं कशाला, असं मी एकदा म्हणालो. आबालाल रहिमान काय कमी होते? जे. जे. स्कूलमध्ये शिकून, पदक मिळवून कोल्हापूरला परतलेला, शाहू महाराजांच्या पदरचा चित्रकार. कोटितीर्थाच्या काठी फकिरासारखा राहिला आणि कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ यांचं पाणी जन्मभर रंगवत बसला. तोही मोनेच्याच काळातला, १९३१ साली गेला. मास्तरांनी कानाच्या पाळीला हात लावला. “आबालाल आमचा देव,” म्हणाले. “देवाची बरोबरी करायची नसते. शिवाय आमच्या गल्लीत कळलं तर घरी येऊन मारतील. मोने परका माणूस, त्याच्याशी बरोबरी केली तर कोण विचारतंय?”

विचारणारं माणूस मात्र भेटलं. पाड्यावरची एक म्हातारी रोज तळ्यावर भांडी घासायला यायची. लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवचौक लिहिणाऱ्या बायकांतली ती. एक दिवस ती मास्तरांच्या मागं येऊन उभी राहिली. बराच वेळ चित्र बघितलं. मग म्हणाली, “गुरुजी, पानी काढला. मासा कां नाय काढला?”

मास्तरांनी तिला प्रतिबिंब म्हणजे काय ते सांगितलं. मोनेच्या अखेरच्या चित्रांत काठ नाही, क्षितिज नाही, नुसता पाण्याचा पृष्ठभाग आणि त्यात उतरलेलं आभाळ, हे हातवारे करून सांगितलं. म्हातारी म्हणाली, “वर हाय तो तर वर बघला का दिसतो.” आणि भांडी घेऊन गेली.

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “म्हातारीचं चुकत नाही. वारली चित्रात तळं काढलं की आतलं सगळं दिसतं. मासा, खेकडा, जाळं. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी मासेमारीचं जाळं काढलं, त्यातला एकेक धागा मोजून घ्यावा. पाण्यात काय आहे ते यांना ठाऊक, कारण हे त्यात उतरतात. मोने काठावर उभा.” मग थोडं थांबून म्हणाले, “आणि मी स्टुलावर.” तेव्हापासून मास्तरांच्या प्रत्येक चित्रात कुठल्या तरी पानाखाली एक खेकडा असतो. समीक्षकांना तो सापडायचा नाही, अर्थात मास्तरांकडं समीक्षक आलेले नाहीत. म्हातारी आली की आधी खेकडा शोधते, तो सापडला की चित्र पास.

होळीच्या सुमाराला तळं आटतं. जव्हार-मोखाड्यात पाऊस कोसळतो आणि उतारावरून निघून जातो. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच, कोचाळ्याला उभं आहे, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. मोनेवर तळं आटायची वेळ आली नाही, त्यामुळं इथं मास्तरांना कुणी वाट दाखवणारं नव्हतं. पहिल्या वर्षी ते गोंधळले. मग त्यांनी आटणारं तळं काढायला घेतलं. पाणी मागं सरकतं तशी चिखलाची एकेक कड, मग भेगा, मग मधल्या खड्ड्यातलं पाणी वाटीनं भरणाऱ्या बाया. प्रत्येक चित्राच्या मागं तारीख, वेळ, उजेड कसा होता, आणि पाणी मोहाच्या झाडापासून किती पावलांवर आहे, ही नोंद. शाळेच्या दप्तराची सवय, दुसरं काय.

याच सुमाराला त्यांना मोतीबिंदू झाला. डॉक्टरांनी निदान सांगितलं तेव्हा मास्तरांनी त्यांचा हात इतका जोरात दाबला, की डॉक्टरांना वाटलं धक्का बसला. मोनेचा मोतीबिंदू १९१२ साली निघाला आणि त्यानं तब्बल दहा वर्षं ऑपरेशन टाळलं. रंग ओळखू येईनात, तेव्हा ट्यूबवरची नावं वाचून आणि पॅलेटवर रंगांचा क्रम ठरवून तो काम करायचा. त्या काळातल्या चित्रांत त्याच्या तळ्यावरचा जपानी पूल लाल-तपकिरी वणव्यात सापडल्यासारखा दिसतो. “माझा उत्तरकाळ सुरू झाला,” मास्तरांनी जाहीर केलं आणि ऑपरेशनला नकार दिला. रंगांच्या बाटल्या ओळीनं मांडल्या. सुटीला आलेल्या नातवानं त्या ओळीची आगगाडी केली. त्या आठवड्यात आभाळ हिरवं आलं, पाणी शेंदरी. मास्तर म्हणाले, आता खरं स्वातंत्र्य मिळालं.

पुढं ते तळ्याऐवजी फाट्यावरच्या डबक्यासमोर दोन दिवस बसले, तेव्हा काकूंनी मला बोलावलं. “तुम्ही पंतप्रधान ना? मग करा काही तरी.” क्लेमांसो मुळात डॉक्टरी शिकलेला होता आणि मोनेला ऑपरेशनला त्यानंच तयार केलं, ही गोष्ट मी मास्तरांना त्यांच्याच पुस्तकातून वाचून दाखवली. १९२३ साली मोनेच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग आपलंही उजव्याचंच करायचं, या अटीवर मास्तर शिबिरात दाखल झाले. नशिबानं उजवाच जास्त पिकला होता.

पट्टी सुटली तेव्हा समोर काकू होत्या. मास्तर बघतच राहिले. म्हणाले, “तू म्हातारी झालीस की गं.”

काकू म्हणाल्या, “मला मोतीबिंदू नाही, त्यामुळं मला कधीचंच ठाऊक आहे. तुमचंही.”

तळ्यावर गेल्यावर दुसरा धक्का. दोन वर्षं जो जांभळा तवंग ते ‘संध्याप्रकाशाचं प्रतिबिंब’ म्हणून रंगवत होते, ती पेंढ्यावर टाकलेली निळी ताडपत्री निघाली. मोनेनंही ऑपरेशननंतर रंग निळे दिसतात म्हणून आदळआपट केली होती, तेवढाच आधार. सगळी जांभळी चित्रं फाडायला निघाले, कारण मोनेही नापसंत चित्रं फाडायचा, जाळायचा. काकूंनी ती हातातून काढून घेऊन पोटमाळ्यावर टाकली. “मागच्या बाजूला तारखा आहेत,” म्हणाल्या, “धोब्याच्या हिशेबाला होतील.”

त्या तारखा टँकरच्या हिशेबाला झाल्या. एका वर्षी पाड्याचा टँकरचा प्रस्ताव अडला. कागदोपत्री तळ्याला मेपर्यंत पाणी होतं. उद्भव नेमका कधी आटतो याचा पुरावा द्या, असं वरून आलं. पाड्यावर पुरावा म्हणजे कोरडा हंडा, तो फायलीला लागत नाही. ग्रामसेवक डोकं धरून बसले होते, तेव्हा ट्यूबवरचा तो पोरगा, आता मिसरूड फुटलेला, म्हणाला, “गुरुजींकडं सगळ्या तारखा हायेत.” पोटमाळा रिकामा झाला. वर्षावर्षाचा गठ्ठा: कोणत्या तारखेला पाणी मोहापासून किती पावलांवर, कोणत्या तारखेला भेगा, कोणत्या तारखेला वाटी. साहेबांनी चित्रं उलटी करून वाचली, सुलटी करून बघितली नाहीत. दाखला झाला. फायलीला पन्नासेक चित्रांच्या झेरॉक्स जोडल्या, पुढून आणि मागून. खाली लिहिलं, ‘सोबत: तळ्याची हस्तलिखित छायाचित्रे.’

इतक्या वर्षांचे रंग झेरॉक्समध्ये राखाडी झाले. मला वाईट वाटलं. मास्तरांना काहीच वाटलं नाही. “मला मोने असाच भेटला होता की,” म्हणाले. “बघणारा असला तर भरून घेईल.” शिवाय त्यांचं लक्ष दुसरीकडंच होतं. १९१८ साली युद्धबंदी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मोनेनं क्लेमांसोला पत्र लिहून दोन चित्रं देशाला देऊ केली. दोनाची होता होता बावीस पॅनेल झाली, दोन-दोन मीटर उंचीची, आणि ती लावायला पॅरिसच्या ऑरांजरीत दोन लंबगोल दालनं मुद्दाम तयार केली गेली. “शासनानं माझंही काम स्वीकारलं,” मास्तर म्हणाले. “आता दालन पाहिजे.”

पंतप्रधानाकडून दालनाची सोय होईना, तेव्हा त्यांनी घरातल्या पुढच्या खोलीला हात घातला. खोली दहा बाय बाराची. लंबगोल करायची तर कोपरे घालवायला हवेत. गवंडी बोलावून चारही कोपऱ्यांत प्लास्टर भरून गोलाई काढली. आता भिंतीला कोपरा नाही, आणि लोखंडी कपाट भिंतीपासून दीड वीत पुढं उभं आहे. पाहुण्याला खुर्ची मधोमध मिळते. सभोवार सगळं तळंच तळं, भादव्यातलं भरलेलं पाणी दरवाजापाशी सुरू होतं आणि खिडकीपाशी येऊन वैशाखाच्या भेगा पडतात. आत शिरणारा प्रत्येक जण आधी पंख्याचं बटण शोधतो. ते एका कमळात आहे.

उद्घाटन कुणाच्या हस्ते करायचं, यावर एक दिवस चर्चा चालली होती. मास्तर म्हणत होते, पुढच्या मे महिन्याची सतरा तारीख धरू, ऑरांजरीची दालनं १९२७ साली त्याच तारखेला उघडली. म्हातारीला बोलावायचं, खेकडे तिच्याकडून मोजून घ्यायचे. काकू दारात तांदूळ निवडत ऐकत होत्या.

“तेव्हा तुमच्या मोनेनं फीत कापली असेल,” त्या म्हणाल्या.

मास्तर जरा घुटमळले. “नाही. तो आधीच्या डिसेंबरात गेला. शहाऐंशीव्या वर्षी.”

काकूंनी सूप खाली ठेवलं. “मग फीत उद्याच कापा,” म्हणाल्या. “पंतप्रधान इथंच आहेत, कात्री माझ्याकडं आहे. आजवर सगळं त्याच्यासारखं केलंत, मी एका शब्दानं बोलले नाही. तेवढं एक त्याच्यासारखं करायचं नाही.”